इको टेस्टमधलं ‘मले’

असे विचित्र अनुभव मी नेहमी वाचते, पण सांगणाऱ्याने काहीतरी लपवलंय असंच मला वाटत आलंय. माझ्याबद्दलही तुम्हाला तसंच वाटेल, चालेल. मी फक्त जसं झालं तसं लिहितेय.

आम्ही यवतमाळला दारव्हा रोडच्या बाजूला राहतो. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवायचे. कापसाची ती वाईट वर्षं होती, त्यामुळे घरचा फोन सकाळपासून त्यांच्यासाठीच वाजायचा... कुणी विनवायचं, कुणी शिव्या द्यायचं. तेव्हाच माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, नोकरीला अमेरिकेत. नाव लिहीत नाही. नागपूरच्या मामाने सुचवलं होतं. एकदा भेटून तो परत गेला, आणि कुणातरी नातेवाइकाबरोबर त्याने एक छोटा डबा पाठवला. इंटरनेटवरून बोलायचा फोन अॅडॅप्टर. त्या डब्याला अमेरिकेतला नंबर होता, म्हणजे मुलाला तिथून आमच्याकडे लोकल कॉल करता येणार होता. रविवारी सकाळी तो फोन करणार होता आणि मी होकार द्यायचा होता. घरात सगळ्यांनी तो आधीच दिलेला होता.

ब्रॉडबँड नुकतंच घेतलं होतं. शनिवारी दुपारी इंग्रजी पुस्तिका वाचून सगळं मीच जोडलं. भिंतीतल्या लाइनला फिल्टर, त्यातून मोडेम, मोडेमला अॅडॅप्टर आणि अॅडॅप्टरला आमचा पडून असलेला जुना लाल फोन. बऱ्याच वेळाने हिरवा दिवा लागला.

आवाज नीट जातोय का ते बघायला पुस्तिकेत एक नंबर होता. इको टेस्ट. तिथे आपण बोलायचं, की थोड्या वेळाने आपलाच आवाज परत ऐकू येतो. बाबांनी “हॅलो हॅलो” केलं आणि स्वतःचा आवाज ऐकून म्हणाले, “मी असा बोलतो? मग लोक भांडतात त्यात नवल नाही.” आईने लाजत “जेवलात का?” विचारलं, तेही परत आलं. मग ती दोघं बाजारात गेली.

मी एकटी उरल्यावर पुन्हा तो नंबर लावला. मला फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून सराव करायचा होता. मी म्हटलं, “हो, मला चालेल.”

परत आलं... “हो, मले चालेल.”

नेट स्लो असेल, शब्द बिघडला असेल, असं वाटलं. आमच्या घरी ‘मले’ कुणी म्हणत नाही. मी कॉन्व्हेंटला जायला लागल्यावर आई-बाबांनी ठरवून वऱ्हाडी बंद केली होती. त्याआधी मी तसंच बोलायचे म्हणे, मला आठवत नाही.

“मला तिकडे यायला आवडेल.”

मग, “मले नाही यायचं.”

आवाज माझाच होता. त्या दिवशी मला सर्दी होती आणि त्या आवाजालाही सर्दी होती. फोन ठेवायचा होता, पण मी तो कानालाच धरून राहिले. मी एक शब्दही बोलले नाही. परत यायला काही गेलेलंच नव्हतं. तरी पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि अगदी शांतपणे ती म्हणाली, “तू सांगतं का त्याले, का मी सांगू?”

मी फोन आपटला. आई-बाबा येईपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिले. त्यांना काहीच सांगितलं नाही. काय सांगणार?

रविवारी फोन वेळेवर वाजला. बाबा समोर पेपर धरून बसले होते, आई दारात उभी. त्याचा आवाज इतका स्वच्छ होता की शनिवारचं सगळं सर्दीमुळेच झालं असेल, असं मला क्षणभर वाटलं. त्याने हवामान सांगितलं, आईची चौकशी केली. मी “हं... हो” एवढंच म्हणत होते. मग तो म्हणाला, “तर मग... तुमचा होकार समजू ना?”

मी श्वास घेतला. अजून तोंड उघडलं नव्हतं. माझ्या कानात काहीच नव्हतं, नुसती बारीक खरखर. मग त्याचा आवाज आला, पण घाबरलेला.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काय?” मी विचारलं.

“प्लीज... हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

आणि लाइन गेली. हिरवा दिवा तसाच चालू होता.

त्याचा पुन्हा फोन आला नाही. दोन-तीन दिवसांनी मामाचा आला, साध्या फोनवर. तो इतक्या जोरात बोलत होता की मला दारातूनही ऐकू येत होतं.

“अवं ताई, थे लोक नाही म्हणून राह्यले. तुही पोरगी निरा वऱ्हाडीत बोलली म्हणे त्याच्यासंग. त्यानं होकार मागितला, तं हिनं त्यालेच उलट विचारलं.”

आईचं शुद्ध मराठी रागात पार गेलं. “तिले कुठं येते वऱ्हाडी? अन् काय विचारलं म्हणते तिनं?”

“थेच तं सांगून नाही राह्यले.”

बाबांनी आईच्या हातून फोन घेतला. “मी समोर बसलो होतो. ही असं काहीच बोलली नाही.” एवढं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला काही विचारलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. अॅडॅप्टर काढून माळ्यावर ठेवला. तो परत मागायला कुणी आलं नाही.

एका ओळखीच्या इंजिनिअरला मी सहज म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, इको म्हणजे फक्त परत आलेला आवाज, नवीन शब्द कुठून येणार? बरोबर आहे. मलाही तेच माहीत आहे.

त्या मुलाचं काय गुपित होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. तो एवढा का घाबरला, ते मला ठाऊक नाही. माझ्याच आवाजात मी त्याला काय विचारलं, हेही मला ठाऊक नाही. पण तिला ठाऊक होतं. मग माझ्याबद्दल तिला काय काय ठाऊक असेल...

परवा आणखी एक स्थळ आलं. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, “तुला चालेल ना?” मी लगेच उत्तर दिलं नाही. आता मी कधीच लगेच देत नाही. आधी थोडं थांबते... माझ्या आधी कुणी बोलतंय का, ते ऐकायला.