बारा दिवसांचं पाणी

आमच्या शेतात शिडाची बोट उभी आहे असं सांगितलं, की लोक माझं वय बघतात आणि विषय बदलतात. पण आहे. नळदुर्गच्या बाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, लोखंडी टेकूंवर उभी केलेली, सव्वीस फुटांची. इथून समुद्र गाठायचा तर सगळा दिवस गाडीत जातो. ट्रकवाले ढाब्यावर जेवून हात पुसत येतात, फोटो काढतात आणि विचारतात, "बोरी धरणात सोडायची का?"

बोट आमच्या ह्यांची. हे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात होते. नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. त्या तीनांतला पहिला महिना घराची सवय होण्यात जायचा आणि शेवटचा बॅग भरण्यात. मुलीचा जन्म, तिचं लग्न ठरणं, माझं ऑपरेशन, सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. म्हणून कुणी मला संशयी म्हणालं तर मी वाद घालत नाही. नवऱ्याच्या हातात साधी पिशवी दिसली तरी मी विचारते, कुठं निघालात.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते नीट घरात बसले. मग रत्नागिरीकडून ही जुनी बोट ट्रेलरवर घालून आणली. इथं जागा फुकट होती, आणि हायवेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा एक वेल्डर आहे, त्याच्या हातावर ह्यांचा विश्वास. दुरुस्ती झाली की बोट परत समुद्रात न्यायची आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं केरळापर्यंत जायचं, असा बेत त्यांनी मला सांगितला. "दोघं जाऊ," म्हणाले. हा 'दोघं' बोट दारात आल्यावर आठ दिवसांनी निघाला, हे मी मनात ठेवलं.

काम मात्र त्यांनी छान केलं. शेगडी लोखंडी चौकटीत पाळण्यासारखी टांगली, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. प्रत्येक फळीला पुढून दोन बोटं उंचीची पट्टी ठोकली, डबे घसरू नयेत म्हणून. झोपायच्या बाकाला कडेनं जाड कापड बांधलं, झोपेत माणूस खाली गडगडू नये म्हणून. शिडाच्या उरलेल्या कापडाचा नळा शिवून वरच्या झडपेला लावला, की वारा थेट आत येतो. नळाला पायानं दाबायचा पंप बसवला. दाबाल तेवढंच पाणी, तोटी उघडी राहायची भानगडच नाही. हे सगळं बघून मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू.

पण मी मोजतही होते. झोपायचा बाक एक. समोरच्या बाजूला दुसरा बाक होऊ शकला असता, तिथं त्यांनी हत्यारांचं टेबल केलं होतं. रेनकोट अडकवायचा हूक एक. ताट उभं ठेवायची खाच एक. मी विचारलं तर म्हणाले, "तुझं करू की नंतर. आधी चालती तर होऊ दे." घरात मुलीची खोली बांधतानाही ते माझ्या देवघराबद्दल असंच 'नंतर' म्हणाले होते. देवघर अजून कपाटातच आहे.

पौष महिन्यात ते म्हणाले, "आपण बारा दिवस बोटीतच राहून बघू. काय कमी पडतंय ते इथंच कळंल. समुद्रात कळून काय उपेग?" नियम त्यांनीच केले. घरात यायचं नाही. बाहेरचा ड्रम म्हणजे समुद्र, त्यातल्या पाण्यानं अंघोळ आणि भांडी. त्यात त्यांनी मूठमूठ मीठही टाकलं, उगाच फसवाफसवी नको म्हणून. आणि पिण्याचं, स्वयंपाकाचं, वरून अंग धुवायचं पाणी बोटीतल्या टाकीतलं. टाकी मधे भरायची नाही. "तिथं कोण टँकर घेऊन येणार हाय?" असं वर हसत म्हणाले.

टाकी स्टीलची, वेल्डरनं केलेली, दीडशे लिटरची. मी ती पहिल्या दिवशी नीट बघितली.

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, कधी दहाव्या. लग्न होऊन आल्यापासून मी हेच बघते आहे. कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी पाण्याकडे जाते, आणि पिंपं बघून मला माणसं सांगता येतात. मुलीचं स्थळ बघायला वाशीला गेलो होतो, तिथल्या लोकांनी घरात चौघं राहतात असं सांगितलं. मी मागच्या बाजूला जाऊन आले आणि ह्यांच्या भावाला म्हटलं, सहा आहेत. सहाच निघाले. तेव्हा दीडशे लिटर आणि बारा दिवस हा हिशेब मला कागदावर मांडावा लागला नाही. पाण्याला ह्यांचा हात सैल आहे, जहाजावर यंत्रच समुद्राचं पाणी गोड करायचं. त्यांच्या हातानं ती टाकी एका माणसाची होती. दोघांना सहा दिवस.

बाक आणि हूक ही विसराळूपणाची लक्षणं असू शकतात. इंजिनात तीस वर्षं काढलेला माणूस टाकीचं माप विसरत नाही.

त्या दिवसापासून पाणी मी माझ्या हातात घेतलं. त्यांचं दाढीचं पाणी मीच वाटीत काढून द्यायची, आयतं मिळतं म्हणून तेही खूश. तांदूळ धुतलेलं पाणी वरणात घातलं. भांडी ड्रमच्या खाऱ्या पाण्यात घासून शेवटी प्रत्येकाला पळीभर गोडं पाणी दाखवलं. अंघोळीनंतर वरून एक तांब्या, त्यातलाही अर्धा मी माझ्यासाठी ठेवायची. मला यात कष्ट वाटले नाहीत, घरीही मी असंच करते. फक्त घरी मला कुणाला हरवायचं नसतं.

बाकावर त्यांनी मला झोपवलं आणि स्वतः मधल्या जागेत फळी टाकून झोपले. एखादीला नवऱ्याची माया वाटली असती. मला वाटलं, पाहुण्याला गादी देऊन घरचा माणूस खाली झोपतो, तसं चाललंय.

रोज सकाळी ते टाकीचं झाकण काढून लाकडी काठी आत बुडवायचे आणि ओली खूण बघायचे. पहिले दोन दिवस सहज. चौथ्या दिवशी काठी दोनदा बुडवली. पाचव्या दिवशी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पाणी पितीस ना गं नीट?"

"पिते की," मी म्हटलं.

सातव्या दिवशी सकाळी वेल्डर आला. बोटीला लावलेली शिडी त्याची होती, मागून आणलेली. मी वर बसून मेथी निवडत होते, हे खाली शेतात गेले होते. तो म्हणाला, "काकू, उतरा की. शिडी न्यायला आलो. साहेब म्हणले हुते, सहा-सात दिवसांत काकू खाली येतील, तवा घेऊन जा."

"कधी म्हणाले असं?"

"हे सुरू व्हायच्या आधीच की. पाणी संपलं म्हंजी काकू काय ऱ्हात न्हायत म्हणले." मग माझा चेहरा बघून त्याला काहीतरी उमगलं. शिडी राहू द्या, माझं काही अडत नाही म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

मला तेव्हा रडू आलं. मेथी तशीच मांडीवर घेऊन मी रडले. एकटं जायचं होतं तर सरळ सांगायचं. नऊ-नऊ महिने मी पाठवलंच की त्यांना, कधी अडवलं? पण ह्यावेळी त्यांना जायचं होतं आणि 'नको' मात्र माझ्या तोंडून हवा होता. म्हणजे पुढं पाहुण्यांत सांगायला मोकळे, मी लई म्हटलं, तीच आली न्हाय.

मी डोळे पुसले, मेथी निवडली आणि भाजी एका पाण्यात धुतली.

नवव्या दिवशी त्यांनी उघडच विचारलं, "बोरचं पाणी आणून ओततीस का टाकीत?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर झाकणावरून पांढरा दोरा बांधलेला, दोन्हीकडून चिकटपट्टी लावलेली. म्हणजे मी चोरून झाकण उघडलं की दोरा तुटणार. संशय घेणारी मी एकटीच नव्हते, हे बघून मला त्याही रागात हसू आलं.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी दोरा तपासला. अखंड होता. तो सोडून काठी घातली. काठी चार बोटं ओली निघाली. त्यांनी ओल्या भागाला बोटं लावून परत मोजलं.

मी म्हटलं, "सहाव्या दिवशी संपायला पाहिजे होतं, व्हय ना?"

ते सोडलेला दोरा बोटाभोवती गुंडाळायला लागले.

"शिडी न्यायला माणूस येऊन गेला. सातव्या दिवशी."

त्यांनी काठी खाली ठेवली. "म्या तुला इचारायलाच भ्यायलो," म्हणाले. "हो म्हणलीस तर बारा महिने माझ्यासंगं ऱ्हायची सवय न्हाय तुला. मलाबी न्हाय. आन् न्हाय म्हणलीस तर लई वाईट वाटलं असतं. म्हणून मग पाण्यावर सोडलं."

"म्हणजे माझं उत्तर नळाकडून घेणार होतात तुम्ही."

"व्हय," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूला लिहिते. मग मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "येतीस का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. तो ऐकायला मला इतकं बरं वाटलं की लगेच उत्तर देऊन तो संपवावा असं वाटेना. शिवाय माझा अजून विश्वास नव्हता. मी म्हटलं, "टाकीतलं पाणी संपू द्या. मग सांगते."

त्यांना उत्तराची घाई असती, तर त्यांनी टाकीच्या तळाची, निचऱ्याची तोटी सोडली असती, एका मिनिटात टाकी रिकामी झाली असती. मी तेवढ्यासाठी लक्ष ठेवून होते. पण ते दाढी अर्ध्या वाटीत करायला लागले. अंघोळीनंतरचा तांब्या 'राहू दे' म्हणाले. ताकाचं भांडं विसळून ते पाणी स्वतः प्याले. मी बघत होते, आणि ते मला दाखवायला करतात की काय, हाही संशय घेत होते.

ते चार बोटं पाणी आम्हाला आणखी पाच दिवस पुरलं. सतराव्या दिवशी दुपारी पायाखालचा पंप कोरडा वाजला. ते टेबलावरची हत्यारं आवरत होते, ती तशीच हातात धरून थांबले.

"येते," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग गडबडीनं म्हणाले, "उद्याच वेल्डरला सांगतो, मोठी टाकी करू. तीनशेची."

"कशाला?" मी म्हटलं. "दोघांना हीच पुरते."