निळा ठिपका बघायला मुलुंडहून आरेला

मुलुंडहून आरे कॉलनीत जाऊन एक मरणारा तारा बघायचा, असं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. मुंबईच्या उजेडात काय दिसणार, हा त्यांचा प्रश्न. पण त्या ताऱ्याभोवतीचा, हंस तारकासमूहातला तेजोमेघ इवलासा आणि चांगला तेजस्वी आहे, दुर्बिणीतून शहरातूनही दिसतो, याची मला खात्री होती. शिवाय बाबांना घराबाहेर काढायचं होतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याचं ऑपरेशन ते टाळत होते. एका डोळ्याने भागतंय म्हणायचे, आणि दोनदा जिन्यात पडले होते.

शनिवारी चारला गाडी काढली. पवईत अडकलो, तुम्ही तीनलाच निघा. मरोळच्या बाजूने आरेत वळलं की हवा गार होते. माझा मित्र सुहास इथल्या डेअरीच्या क्वार्टर्समध्ये राहतो. दुर्बीण त्याची, अंगणही त्याचंच. तुमची अशी ओळख नसेल तर अंधारात इथे थांबू नका, बिबट्यांचा भाग आहे. खर्च फक्त पेट्रोलचा. सुहासच्या आईने घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली. बाबांचं लक्ष आकाशाकडे आहे हे बघून त्या म्हणाल्या, "मास्तरानू, आधी जेवा. तारो खंय पळान जाता?"

अंधार पडताच सुहासने दुर्बीण वायव्येला लावली. मला ठिपका दिसला, काठ धूसर, रंग निळसर हिरवा. बाबा शाळेत शिकवताना सूक्ष्मदर्शकाला लावायचे तसा डावा डोळा लावून वाकले आणि पिवळट डाग आहे म्हणाले. मी निळा म्हटलं, तर मलाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं. शेवटी सुहास म्हणाला, काका, दुसऱ्या डोळ्याने बघा ना.

बाबांनी बघितलं. मग परत डाव्याने, परत उजव्याने.

"किती वर्षं मी सगळं असंच पिवळं बघतोय गं?"

नंतर सुहासच्या आईला त्यांनी अगदी वर्गातल्यासारखं समजावलं. आपल्या सूर्यासारखाच हा तारा होता. म्हातारपणी फुगला, अंगावरचा वायू बाहेर टाकला, आणि आता उरलेला तापलेला गाभा त्या वायूला उजळवतोय. आपल्याला दिसतो तो हा मेघ जेमतेम काही शतकांचा, म्हणजे अजून तान्हाच. आपल्या सूर्याचं असं कधी होणार, सुहासच्या आईने विचारलं. अजून अब्जावधी वर्षं आहेत, बाबा म्हणाले, आणि आणखी एक घावण मागून घेतलं.

परतताना प्रत्येक सिग्नलला ते एकेक डोळा मिटून बघत होते. घरी आईने दार उघडलं. डाव्या डोळ्यावर हात ठेवून बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले.

"ही साडी निळी आहे?"

"तुम्हीच आणली होती," आई म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांना फोन त्यांनी स्वतः केला. डावा डोळाही आता झालाय. तो तेजोमेघ मी नंतर सुहासची दुर्बीण आणून गच्चीवरून दोनदा पाहिला, छानच दिसतो. पण त्या रात्रीचं आठवतं ते हे की चपला न काढता बाबा दारातच उभे होते, आणि आई त्यांना आत या म्हणत नव्हती.