फोरट्रान सरांचं सुवाच्य अक्षर

आमच्या फोरट्रान सरांनी कॉम्प्युटर कधी चालवला नव्हता, पण फळ्यावर तो काढावा तर त्यांनीच. वर्गात आले की धोतराच्या सोग्यानं फळा पुसायचे आणि पहिली दहा मिनिटं नुसतं मशीन काढत बसायचे. टेपांच्या चकत्या, बटणांच्या रांगा, कार्डं गिळणारं तोंड, एकूणएक दिवा. पुस्तकातल्या चित्रात डावीकडच्या कोपऱ्यात एक मडमीण उभी होती. तेवढी ते वगळायचे. नगरच्या कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस तास संपल्यावर आम्हा सात-आठ पोरांना हौसेनं, फुकट, फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायचा. त्यात मुलगी मी एकटी. मशीन पुण्यात होतं, एका संस्थेत. आमच्यापैकी कुणी ते बघितलेलं नव्हतं. सरांनी बघितलंय असं मात्र आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सगळी विद्या एका पुस्तकात होती. त्याला खाकी कव्हर, कव्हरावर पुन्हा प्लॅस्टिक. आम्ही ते लांबूनच बघायचं. पानं सर उलटणार, वाचणार सर, आणि आम्ही उतरवून घेणार. कुणी विचारलं, "सर, असं केलं तर काय होईल हो?" की सर चष्म्यावरून बघायचे. "काय होईल ते करून बघायचं नसतं. काय होईल ते आधी माहीत असावं लागतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही भाजीत मीठ घालताना कानात वाजतं.

पण माणूस कोरडा नव्हता हो. मशीन नाही म्हणून त्यांनी काय करावं? काड्यापेट्या आणल्या. रिकाम्या काड्यापेट्यांवर ए, बी, एन अशी अक्षरं चिकटवली आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. ही मशीनची मेमरी. एकानं प्रोग्रॅमची ओळ वाचायची, दुसऱ्यानं बेरीज करून चिठ्ठी पेटीत टाकायची, तिसऱ्यानं उत्तर मोठ्यानं म्हणायचं. आम्ही सगळे मिळून मशीन व्हायचो, आणि काय मजा यायची! बरोबर उत्तर आलं की सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे. गणितात असंही काही असतं हे मला त्या काड्यापेट्यांनी शिकवलं. ते मी नाकारणार नाही, कितीही राग असला तरी.

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्याकडे नवा रेडिओ आला तेव्हा सरांनी आधी त्याच्याबरोबरचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. इंग्रजी संपवलं, मग हिंदी. मी गेले तर रेडिओ कोनाड्यात, वर विणलेला रुमाल. काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "बाळंतीण घरी यावी तसा जपतायत बघ. आठवडा झाला येऊन, अजून आवाज म्हणून काढला नाही." सर आतून ओरडले, "एरियलचं प्रकरण राहिलंय!" काकूंनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. सर बाजारात गेल्यावर त्यांनीच शेवटी बटण पिरगाळलं. लगेच वाजायला लागला की मेला!

आमच्या घरी माझं बी.एस्सी. म्हणजे स्थळ जमेपर्यंतचा वेळ. कोल्हारचं एक स्थळ सांगून आलेलंच होतं, आणि परीक्षा झाली की बार उडवायचा बाबांचा बेत होता. त्याच सुमाराला पुण्याच्या त्या संस्थेनं शिकाऊ प्रोग्रॅमर घ्यायचं ठरवलं. मुलीसुद्धा चालणार होत्या. अट एकच: स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर चालवायचा आणि मशीननं छापून दिलेला उत्तराचा कागद मुलाखतीला आणायचा. सर स्वतः आमच्या घरी आले. ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "पोरीची बुद्धी वाया घालवू नका. निवड झाली तर पुण्याला माझ्या बहिणीकडे राहील. जबाबदारी माझी." बाबा कुणाचं ऐकणारे नव्हते, पण सरांचं ऐकलं. "निवड झाली तर कोल्हारला नाही कळवतो. नाही झाली तर मात्र अक्षर काढायचं नाही," असं ठरलं. त्या दिवशी मी आनंदानं जेवले नाही. त्या माणसानं माझ्यासाठी एक दार उघडलं होतं.

कार्यक्रम असा होता. आमचे प्रोग्रॅम कॉलेजचे शिपाईमामा पंधरवड्यानं पुण्याला घेऊन जायचे, ते विद्यापीठाच्या कामाला जातच असत. तिथली माणसं ते कार्डांवर टोचायची, मशीनला द्यायची, आणि जे काय छापून येईल ते पुढच्या खेपेला आमच्या हातात. मुलाखतीच्या आधी अशा पाच-सहा खेपा होत्या. मी आकड्यांची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच खेपेला तयार होता. सर म्हणाले, "थांब. पुन्हा तपासू." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "काड्यापेट्यांवर एकदा शून्य घालून बघू." तिसऱ्या खेपेला माझ्या कागदावर एक अक्षर खोडलेलं निघालं. सरांना खाडाखोडीचा भारी तिटकारा. त्यांनी कागद शांतपणे चार तुकडे करून खिशात घातला. "अशा अवतारात मशीनपुढे जायचं? चार लोकांत कॉलेजची काय किंमत राहील?"

मी म्हटलं, "सर, एकदा पाठवून तर बघू या. चुकलं तर चुकलं."

"चुकलं तर चुकलं, असं आपल्यात नसतं," सर म्हणाले.

आमच्यात मिरजगावचा बबन होता. सरांच्या भाषेत धसमुसळा. त्याचा मामा एस.टी.त कंडक्टर, त्यामुळे बबन वाटेल तेव्हा पुण्याला जायचा आणि संस्थेत कागद घ्यायची-द्यायची जी खिडकी होती तिथे तासन् तास उभा राहायचा. त्याचा पहिला प्रोग्रॅम पार नापास होऊन आला. हातभर लांबीचा कागद, ओळीओळीखाली चूक. पठ्ठ्या तो कागद पताकेसारखा फडकवत वर्गात आला. "सर, बघा की! एक ओळ म्हनून धड न्हाई! पार धुतलंय मला!" सरांनी मान फिरवली. "चुकलेला कागद माझ्या वर्गात आणायचा नाही." बबननं तो गुंडाळला आणि बाकाखाली ठेवला. पुढच्या खेपेला चुका निम्म्या झाल्या. त्याच्या पुढच्या खेपेला आकडे छापून आले, स्वच्छ.

सायकल स्टँडपाशी त्यानं मला गाठलं. "ताई, एक सांगतो, ध्यानात ठिवा. कार्डावर घरं असत्यात. पयली पाच नंबरासाटी. सहाव्या घरात कायबी लिवायचं न्हाई, लई वाईट असतंय ते. सातव्यापासनं सुरू करा."

"सर तर सहाव्यापासून लिहायला सांगतात."

"सर सांगत्यात, पर मशीन ऐकत न्हाई ना!" आणि त्यानं समजावलं. सहाव्या घरात काही दिसलं की मशीनला वाटतं ही नवी ओळ नाही, आधीच्याच ओळीचं शेपूट आहे. मग सगळा प्रोग्रॅम एकमेकांत गुंततो. खिडकीवरच्या माणसानं त्याला हसत हसत सांगितलं होतं. आमच्या काड्यापेट्यांना हे कसं कळावं? तिथे ओळ वाचणारी आम्ही माणसंच होतो. कुठल्या घरापासून लिहिलंय हे कोण बघतो?

मी सरांना सांगितलं. सर दुखावले. "बबन शिकवणार का आता फोरट्रान?" एवढंच म्हणाले. मी विचारलं, बबनबरोबर पाठवू का माझा कागद? म्हणाले, "पाठव. मग माझ्याकडे येऊ नकोस." बाबांनी दिलेली मुदत सरांच्या शब्दावर उभी होती, मी काय बोलणार? पण कागद मात्र मी बबननं सांगितला तसाच केला. घरी बसून, चौकटी आखून, प्रत्येक ओळ सातव्या घरापासून. कागद पाठवायची ही शेवटची खेप होती; पुढच्या खेपेला उत्तर येणार आणि दुसऱ्याच दिवशी मुलाखत. सकाळी शिपाईमामा निघायच्या आधी सरांच्या हातात दिला. घाईत एका ठिकाणी शाई फिस्कटली होती, बोटभर. सरांनी तो डाग बघितला. "मी देतो मामांकडे. जा तू, निश्चिंत रहा," म्हणाले. माझ्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला.

पुढची खेप आली. मामांनी गुंडाळी दिली ती मी व्हरांड्यातच उलगडली. ओळीओळीखाली चूक. बबनच्या पहिल्या कागदासारखाच, हुबेहूब. मला आधी वाटलं कुणाचा तरी दुसऱ्याचा आला. मग शेवटी टाचलेला मूळ कागद दिसला. तो माझा नव्हता. मोत्याच्या दाण्यांसारखं अक्षर, एक ठिपका इकडचा तिकडे नाही, आणि प्रत्येक ओळ सहाव्या घरापासून. माझा प्रोग्रॅम सरांनी स्वतः बसून सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. डाग पडलेला कागद पुण्याला जाऊ नये म्हणून. मायेनं हो, मायेनंच! ह्या मायेचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

मी तडक स्टाफरूममध्ये गेले. कागद टेबलावर ठेवला. "सर, सहावं घर."

सरांनी कागद पाहिला. मग ड्रॉवरमधून खाकी पुस्तक काढलं, पानं उलटली, थांबले. बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. एक शब्द तरी. चेहरा पडला होता, पण पुस्तक माझ्याकडे वळवून म्हणाले, "हो. आहे इथे. बघ, पुस्तक चुकलेलं नाही."

मी त्या पानाकडे बघितलं नाही.

मुलाखतीला बबन गेला आणि निवडून आला. बाबांनी कोल्हारला होकार कळवला, मी अक्षर काढलं नाही. लग्नात सर आणि काकू दोघं आले. काकूंनी मला मिठी मारून रडायला सुरुवात केली ती थांबेचनात. सरांनी हातात एक पुडकं दिलं. वर तेच खाकी कव्हर, तेच प्लॅस्टिक. "तुझ्याकडे शोभेल," म्हणाले. "आता निवांत वाच." निवांत! प्रवराकाठी, उसाच्या गावात, चार म्हशी आणि सासू-सासरे असलेल्या घरात मी फोरट्रान निवांत वाचणार होते. नवरा चांगला मिळाला, त्याची तक्रार नाही. पुढे गावच्या शाळेत गणितही शिकवलं मी. पण निवृत्त होईपर्यंत एकाही पोराचं खोडलेलं उत्तर मी फाडलं नाही. खोडलेलं दिसलं की मी त्याला जवळ बोलवायचे.

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी नगरला भेटायला गेले. माझे केस पांढरे झाले होते. काकू आधीच गेलेल्या. बबन पुण्याहून आला होता, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, पण बोलणं तसंच. घराबाहेर आम्ही दोघं उभे राहिलो.

"ताई, तुमाला ठावं हाय का, सर पुण्याला एकदा गेल्ते. आपल्या आधीच्या साली."

"कशाला?"

"सोताचा प्रोग्रॅम घिऊन. खिडकीवरचा मानूस मला नंतर बोलला. धोतरातले एक मास्तर सकाळी आले म्हनं, हातात कागद. बाकड्यावर बसले. पोरं येत हुती, देत हुती, चुकलेलं घिऊन हसत जात हुती. सर बघत बसले. संध्याकाळी खिडकी बंद व्हायला आली तवा यानं इचारलं, मास्तर, द्यायचंय का? तर कागद घडी करून खिशात घातला न् गेले निघून."

म्हणजे सरांचाही प्रोग्रॅम कधी चालला नाही. फळ्यावर एवढं मशीन काढणाऱ्या माणसानं त्याच्या दारातून कागद परत आणला. चुकेल, लोक हसतील, या भीतीनं. आणि ती भीती त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवली, रुमाल घालून, मला काही न विचारता.

मला त्यांची कीव आली, खरं सांगते. बबन डोळे पुसत होता, मीही पुसले. पण आत गेले, सरांच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहिले, आणि हात जोडायच्या आधी जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलले. खोलीतली माणसं बघत राहिली.

"सर, मला चाललं असतं हो. लोक हसले असते तर मला चाललं असतं."