मावशींच्या गळ्यातला नंबर

गाण्याआधी मावशी उजवा कान तळहाताने झाकायच्या, डोळे मिटायच्या. लिहिण्याचा विषय निघाला की एकच उत्तर, "कागूद भिजतं रं बाला, गला नाय भिजत."

तुम्ही आमच्या अलिबागकडची आगऱ्यांची हळद पाहिली असेल, तर धवलारीण ठाऊक असेल. ती देवांना, पितरांना नावं घेऊन धवल्यांतून, म्हणजे गाण्यांतून, बोलावते, मगच नवरीला हळद लागते. मावशी तशा धवलारीण. सगळं तोंडपाठ. माझं मोबाइलचं दुकान त्यांच्या घरासमोर.

त्यांनी फोन घेतला तो अंथरुणाला खिळलेल्या आईचे धवले भरून ठेवायला. मी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं आणि पडद्यावरचा नंबर दाखवला. "मावशी, ही फोनची जन्मखूण. हरवला तर पोलिस हीच विचारतात. लिहून ठेवा."

"तू वाच," त्या म्हणाल्या. मी वाचला. त्यांनी कान झाकला आणि गुणगुणल्या, "आठाच्या मांडवी सहा आयला गो..." मला हसू आवरेना.

पुढे त्यांची म्हातारी आई गेली. चक्रीवादळात छपराबरोबर फोनचा खोका आणि बिलही गेलं. आणि एक दिवस मांडव्याच्या जेट्टीवर फोनच गेला. मावशी दुकानात येऊन मटकन बसल्या. "फोनाचं काय नाय रं. माजी आयस हाय त्यात."

चौकीत हवालदारांनी नंबर विचारला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचा हात कानावर गेला आणि चौकीत धवला सुरू झाला. ओळीओळीतून आकडे येत होते, हवालदार लिहीत होते.

कुणीतरी त्यात नवं सिम घातलं आणि फोनच्या त्या जन्मखुणेवरून माग लागून तो परत मिळाला. नशीब, आतलं काही पुसलं नव्हतं. आईचा आवाज लागला तेव्हा मावशींचा हात कानावर गेला नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी.

आता मावशीही नाहीत. यंदा शेजारच्या गावात हळदीला गेलो. त्यांच्याकडे शिकलेली धवलारीण गात होती. देव झाले, पितर झाले आणि मग, "आठाच्या मांडवी सहा आयला गो..."

ती दम घ्यायला थांबली तेव्हा विचारलं, "ताई, हे कुणाला बोलावणं?"

"ठावं नाय दादा. मावशी आयसचं नाव घेतल्यावर ह्येच गायच्या. मंग सोरायचं कसं?"

सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. नवरीला हळद लागायची होती. बायकांनी पुढचा आकडा उचलला, आणि मी डोळे मिटून उजवा कान झाकला.