थोरल्या जावेची फाइल

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे ‘आकडेबाई’ म्हणत. कुठला पंप कधी थांबवायचा, कुठली टाकी किती मीटर भरायची, असे बावीसशे ठरीव आकडे तिने पर्ल या संगणकभाषेतल्या एकाच लांबलचक फाइलमध्ये चौदा वर्षं सांभाळले होते. कुणी विचारलं, की फाइल न उघडताच ती ओळ सांगायची. ते तिचं सुख होतं.

मग तिची धाकटी जाऊ त्याच कचेरीत लागली. घरी सासूबाईंच्या तोंडी आधीच धाकटीचं कौतुक. महिनाभरात साहेबही म्हणाले, “काय सुरेख मांडणी केलीय हिने!” धाकटीने ती फाइल मोडून चाळीस मॉड्यूल, म्हणजे छोट्या सुट्या फायली केल्या होत्या, टाक्यांची वेगळी, पंपांची वेगळी. आता नवखा माणूसही हवा तो आकडा शोधून काढी. आकडेबाईच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर धाकटीने विचारावं, “ताई, चहा आणू?”

“मला हात आहेत.”

एका दुपारी चूक काढायचीच या हट्टाने ती मॉड्यूल वाचायला बसली. आणि सापडली! उंच टाकी आणि तळटाकी, दोन्हीकडे ‘कमाल पातळी’ला नाव एकच. प्रोग्रामने दोन्ही मॉड्यूल घेतली, की नंतरचं आधीच्याला खाणार. चार मीटरच्या तळटाकीला उंच टाकीचे नऊ मीटर लागू होणार. पर्ल इशारा देत होतं, पण ती ओळ शेकडो ओळींत बुडालेली.

ती गप्प राहिली. सोमवारी चाचणी होती. वाहू दे पाणी, कळू दे सगळ्यांना! दोन दिवस तिला जेवण गोड लागलं.

सोमवारी तळटाकी भरू लागली. टाकीला लागूनच खाली मोटारघर. तिथे मेस्त्री जमिनीवर बसून वायरी जोडत होता. पाणी पावणेचार मीटरवर आलं आणि आकडेबाई ओरडली, “पंप बंद करा!”

तिने चूक दाखवली. साहेबांनी विचारलं, “कधी लक्षात आलं?”

“आत्ताच,” ती म्हणाली. नजर मात्र वर उचलेना.

धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, “ताई होत्या म्हणून निभावलं. मला हे दिसलंच नसतं.” त्याच दिवशी तिने प्रत्येक आकड्याच्या नावाआधी मॉड्यूलचं नाव जोडलं आणि तपासायला ताईंकडेच आणून दिलं.

घरी गेल्यावर धाकटीने सासूबाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “थोरली हुशारच आहे.” आकडेबाईचा चेहरा खुलला. तेवढ्यात त्यांनी पुढे जोडलं, “पण धाकटीचं मन बघा, किती मोठं!”

थोरलीने त्या संध्याकाळी एवढी आदळआपट करत भांडी घासली, की शेजारीण विचारायला आली.