नॉरिसच्या शेवटच्या दोन ओळी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोरकॅम गावात, तिथल्या थिएटरात सव्वीस वर्षं मी नॉरिस ऑर्मरॉडला झगे चढवले. आमच्याकडे नाताळात पोरांसाठी होणाऱ्या विनोदी नाटकात म्हातारीचं काम पुरुषानेच करायचं असतं, आणि या किनाऱ्यावर नॉरिससारखी म्हातारी दुसरी झाली नाही. मूळचा तो कापडगिरणीतला. सतराव्या वर्षी गिरणीच्या सहलीत त्याने मुकादमाच्या बायकोची नक्कल केली, आणि सगळ्यांत जास्त तीच हसली. तिथून पुढे पन्नास वर्षं उन्हाळ्यात धक्क्यावरचे खेळ, हिवाळ्यात म्हातारी, अधूनमधून टीव्हीवर पोस्टमन नाहीतर शेजारी. फार मोठं नाव झालं नाही. पण तळलेल्या माशांच्या दुकानात लोक त्याला पुढे जाऊ द्यायचे, आणि हा गडी मुद्दाम मागेच उभा राहायचा, कारण गप्पा रांगेतच होतात.

त्या वर्षी तालमीत तो मधूनच अडकायला लागला. काहीतरी वेडंवाकडं करून वेळ मारून न्यायचा, सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं. बटणं लावताना त्याने दोनदा मला माझ्या आधी त्याला झगे चढवणाऱ्या बाईच्या नावाने हाक मारली होती. दिग्दर्शक नवा होता. त्याने मला कोपऱ्यात गाठलं.

"मेव्हिस, म्हाताऱ्याला झेपेल ना? पहिल्या प्रयोगात गडबड झाली, तर मी दुसरा माणूस आणणार."

"त्याला नाही झेपलं, तर तुझ्या त्या दुसऱ्याला काय झेपणार?" मी फाडकन म्हटलं.

आमच्यात एक रीत आहे. नाटकाच्या अगदी शेवटच्या दोन ओळी म्हातारीच्या असतात, आणि त्या तालमीत कधीच म्हणायच्या नसतात. तिथे नुसतं डमडम डमडम करायचं. प्रेक्षक नसताना त्या तोंडातून निघाल्या, की सीझन बुडालाच समजा. त्या नाटकाच्या पुस्तकातही नसतात. चिठ्ठीवर लिहून फक्त म्हातारीला मिळतात. नॉरिसची चिठ्ठी आरशाला चिकटवलेली असायची, म्हणून माझ्याही पाठ झाल्या होत्या.

पहिला प्रयोग दुपारी दोनचा. केसांचा टोप बसवताना तो म्हणाला, "दार लाव गं. शेवटच्या दोन ओळी एकदा ऐक माझ्या."

"वेड लागलंय का? इथे?"

"अगदी हळू म्हणतो."

"अजिबात नाही! पन्नास वर्षं पाळलंस, आणि आज कुठून अवदसा आठवली?"

"बरं बाई," तो आरशात बघत म्हणाला.

त्याला त्या मला ऐकवायच्या नव्हत्या, आठवतायत का ते बघायचं होतं. माझ्या मेलीच्या डोक्यात तेवढं शिरलं नाही.

दोन तास त्याने पोरांना हसवून हसवून लोळवलं. मग नाटकातलं लग्न लागलं, सगळे रांगेत आले, नॉरिस पुढे झाला, हात पसरले, आणि थांबला. थांबलाच. समोरच्या विंगेत दिग्दर्शक हाताची घडी घालून उभा होता.

मी सरळ रंगमंचावर गेले. अंगात एप्रन, मनगटावर टाचण्यांची उशी, पायात घरातल्या सपाता. त्याच्या कानात ओळ सांगितली.

"लग्न लागलं, खेळ संपला, पळा आपापल्या घरी!" तो गरजला, आणि पुन्हा माझ्यापुढे कान केला. थिएटर फुटेल असा हशा उठला. मी घाईघाईने दुसरी सांगितली.

"पुढच्या नाताळपर्यंत पोरांनो, म्हातारी तुमची बरी!"

पडद्यामागे दिग्दर्शकाने विचारलं, "हे ठरवून केलंत?"

"मग काय!" मी म्हटलं. "रोज करणार आहोत."

खोलीत येऊन नॉरिस टोपासकट खुर्चीत बसला. "लोक हसले ना?"

"खूप हसले."

"कशाला हसले गं? आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं नाही."

मला रडू फुटलं. तसंच डोळे पुसत मी उभी राहिले आणि त्याची नक्कल केली. ते पसरलेले हात, तो पुढे केलेला कान, आणि माझं सपाता फटफटवत येणं. तो आधी नुसता बघत राहिला. मग हसायला लागला, इतका, की गालांवरचा रंग ओघळला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण दुसरी ओळ फार लवकर दिलीस, मेव्हिस. उद्या जरा थांब. आधी त्यांचं हसणं संपू दे."