मचूळ विहिरीतले आंधळे किडे

तामसीजवळच्या एका खेड्यातले भगवंतराव आदिलाबादच्या कॉलेजात अटेंडर होते. अटेंडर म्हणजे काय, तर बाटल्या धुवा, बेडकं आणून द्या, साहेब आले की उठून उभं राहा. पण नजर अशी तिखट, की जीवशास्त्राचे माणिकराव सर सूक्ष्मदर्शकाखाली काही ठेवलं की आधी यांनाच हाक मारत.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर भगवंतरावांनी आपल्या वावरातल्या मचूळ विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. त्यात तिळाएवढे पांढरे जीव होते, झिंग्याच्या गोतातले, पण डोळेच नसलेले. सरांनी असतील नसतील ती पुस्तकं पालथी घातली, किड्याचा पत्ता नाही. मग नमुने बाहेरच्या तज्ज्ञांकडे गेले. उत्तर आलं, जात नवी दिसते, पण तुम्ही पाठवल्या त्या साऱ्या माद्या. नराचे पाय बघितल्याशिवाय नाव देता येत नाही.

झालं, भगवंतरावांना नर शोधायचं वेडच लागलं. बसमधून उतरले की तडक विहिरीवर. शिवारातल्या बाकी विहिरीही त्यांनी उपसून पाहिल्या, पण ही जात दुसरीकडे कुठं नव्हती.

बायको, तुळजाबाई, म्हणायची, "पोरीच्या डोक्यातल्या उवा दिसत नाईत, अन् हिरीतले किडे बरे दिसतात तुमाले."

नऊ वर्षांची प्रयाग यावर खदखदून हसायची.

पुढच्या मे महिन्यात गोड्या पाण्याची विहीर आटली आणि गाव मचूळ पाणी प्यायला लागलं. गॅस्ट्रोची साथ आली. सकाळी प्रयागला उलट्या सुरू झाल्या आणि आदिलाबादची बस यायच्या आत पोर गेली.

भगवंतराव रडले नाहीत. त्यांना काही वाटेचना, आणि आपल्याला काही वाटत नाही याचीच लाज वाटे. वाढलं की जेवायचे, अंथरलं की निजायचे.

आठव्या दिवशी सरपंच उद्धवराव ब्लिचिंग पावडरचं पोतं घेऊन आले. "किड्यांनीच पोर नेली तुमची. तुमी शिकल्या माणसांत राह्यता, तुमीच टाका हे."

किडे निर्दोष होते. घाण जनावरांना पाणी पाजायच्या डोणीतून विहिरीत झिरपत होती. भगवंतरावांना ते ठाऊक होतं, पण बोलायची इच्छाच उरली नव्हती. त्यांनी फक्त अर्धा तास मागितला, मलमलच्या फडक्यातून पाणी गाळलं, सापडलं ते स्पिरिटच्या बाटलीत घातलं. मग आपल्या हातानं सगळं पोतं विहिरीत रिकामं केलं. तुळजाबाई काठावर उभी राहून बघत होती.

बाटलीत चार नर निघाले. पावसाळा सरता सरता तज्ज्ञांचं पत्र आलं, जात नवीच, शोधणाऱ्यानं नाव सुचवावं. माणिकराव सर अडखळत म्हणाले, "भगवंतराव, प्रयागचं देऊ?"

संध्याकाळी भगवंतरावांनी घरी विचारलं. तुळजाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही.

"ते किडे हायेत काय अजून हिरीत?"

"नाई. एकबी नाई राह्यला."

"मंग द्या," ती म्हणाली. "तिचंच द्या."